शेरा : मुलांच्या हाती द्यावे

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी काय करते असं कुणी विचारलं, की मी सांगते, 'लहान मुलांची पुस्तकं तपासते.' ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच सैल पडतो. 'वा, बरा विरंगुळा आहे,' म्हणतात. विरंगुळा! गेल्या हिवाळ्यात याच विरंगुळ्यापायी मी कणकवली ते देवबाग हा सगळा रस्ता हातात मोबाइल घट्ट धरून आणि पायांत दोन वेगळ्या चपला घालून पार केला. रस्ताभर डोक्यात एकच. मी पास केलेल्या पुस्तकावर विश्वास ठेवून वैभववाडीकडची सव्वीस मुलं समुद्रात उतरली असतील, की अजून बसमध्येच असतील?

आधी काम सांगते. मुंबईची एक संस्था आमच्या जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांना वाचनालयासाठी पुस्तकं देते. ती निवडायला त्यांनी आम्हा चार-पाच पेन्शनीतल्या शिक्षकांना धरलं आहे. दर तीन-चार महिन्यांनी घरी खोकं येतं. प्रत्येक पुस्तकाबरोबर एक छापील तक्ता असतो. भाषा, आशय, चित्रं, छपाई, बांधणी, वयोगट. सगळ्यात खाली शेरा, आणि शेरे तीनच : 'मुलांच्या हाती द्यावे', 'दुरुस्तीनंतर पाहावे', 'देऊ नये'. पहिला शेरा मिळालेल्या पुस्तकाच्या आतल्या पानावर संस्था माझ्या नावाचा आणि सहीचा शिक्का मारते. सुरुवातीला मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! आता शिक्का दिसला की मी नजर वळवते.

पुस्तक मी तीनदा वाचते. एकदा मनात, एकदा मोठ्यानं, आणि तिसऱ्यांदा एखाद्या शाळेत जाऊन मुलांकडून वाचून घेते. मोठ्यानं वाचताना जिथे माझा दम तुटतो तिथे दुसरीतल्या मुलाचाही तुटणार, तिथे पेन्सिलीनं खूण. मग पुस्तक मधोमध उघडून तळव्यानं दाबायचं, पानं सुटली तर बांधणी कच्ची. ओला अंगठा चित्रावर घासायचा, कारण आमची मुलं बोटाला थुंकी लावल्याशिवाय पान उलटत नाहीत. रंग अंगठ्याला आला तर तो उद्या पोटात जाणार. चित्रं तर मी भिंग घेऊन बघते. नारळाच्या झाडाला फांद्या फुटलेल्या मी पाहिल्या आहेत. गणपतीच्या आरासीमागे पिकल्या आंब्यांनी लगडलेलं झाड पाहिलं आहे. एका प्रकाशकानं मला फोनवर सुनावलं, 'बाई, बालसाहित्य आहे, थोडी कल्पनाशक्ती चालवा की.' मी म्हटलं, 'आमच्या मुलांना उडणारा हत्ती चालतो. आंबा चुकलेला चालत नाही.'

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. मुंबईची नोकरी संपवून गावी आलेले एक गृहस्थ स्वतः लिहिलेल्या बोधकथा घेऊन आले. बारा कथा, आणि अकरांच्या शेवटी मूल रडून माफी मागतं. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, 'मग बारावी तरी आवडली ना?' बारावीत मूल आजारी पडतं. 'देऊ नये' लिहिलं. अजून बाजारात मला पाहिलं की ते कांद्यांकडे बघतात. एका मुख्याध्यापकांनी दिलेली सगळी पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवली होती. का, तर तपासणीला नवी दिसली पाहिजेत. मी त्यांना म्हटलं, माझ्या लेखी उत्तम पुस्तक कुठलं, तर जे वर्गातून चोरीला जातं. पोरानं पिशवीत घालून घरी नेलं आणि परत आणायला विसरलं, याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठल्या लेखकाला मिळणार? हे वाक्य माझं मलाच इतकं आवडलं, की मी ते शिक्षकांच्या बैठकीत बोलत सुटले. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

स्वभावानं मी भित्री. विहिरीत मगर दाखवणारं एक पुस्तक मी सहा महिने अडवून ठेवलं होतं, मुलं पाण्याला जायला घाबरतील म्हणून. भुताखेतांची, मरणाची, हरवलेल्या पोरांची पुस्तकं मी दहा-दहा वेळा चाळली. हसरी, रंगीत पुस्तकं मात्र माझ्या हातून भराभर पास व्हायची. त्यांच्यात भ्यायचं काय असणार?

तसंच ते पुस्तक होतं. नाव लिहीत नाही, लिहिणारीला मी ओळखत नाही आणि तिचा हेतू वाईट नव्हता. निळ्या मुखपृष्ठावर चष्मा लावलेला खेकडा. हा खेकडा शहरातल्या दोन मुलांना समुद्र दाखवतो. भाषा सोपी, अक्षर मोठं, बांधणी भक्कम, अंगठ्याला रंग आला नाही. सतराव्या पानावर खेकडा म्हणतो, 'ओहोटी लागली की समुद्र मागे मागे जातो. मग कशाला घाबरायचं? चला पाण्यात!' खाली चौकटीत पालक-शिक्षकांसाठी सूचना : 'ओहोटीची वेळ पाहून सहल ठरवावी.' आणि पानाच्या तळाशी दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांचं चित्र.

मी मूळची वैभववाडीकडची, सह्याद्रीच्या पायथ्याची. समुद्र आमच्याकडे वर्षातून एकदा बघायची वस्तू. पण समुद्राचं पुस्तक समुद्राकाठच्या मुलांकडूनच वाचून घ्यावं, एवढी अक्कल मला होती. म्हणून ते घेऊन मी देवबागच्या एका शाळेत गेले. देवबाग म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची पट्टी, तिच्यावर घरं आणि माड. शाळेत शिक्षिका एकच, त्यांनी चारही वर्ग एका खोलीत बसवले. मुलं खणखणीत वाचत होती. सतरावं पान मिताली नावाच्या चौथीतल्या मुलीकडे आलं. बापाची होडी, घरात सगळी मासेमारी. तिनं पान वाचलं, बोट पानावरच ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, सुकतीचा ह्या खोटा लिवलला आसा."

मी पान बघितलं. बोटाखाली दोरीवर बोंबील सुकत होते, चित्रकारानं ते गुलाबी रंगवले होते. सुकती म्हणजे सुकत घातलेली मासळी, दुसरं काय? आमच्याकडे सुकट म्हणतात, इकडे सुकती म्हणत असतील. "काय खोटं गं? रंग?" मी विचारलं. तिनं मान हलवली, काही बोलणार एवढ्यात खिचडीची घंटा झाली आणि खोली रिकामी झाली. मिताली दारात एकदा थांबली. मी तिला हसून म्हटलं, "जा गं, खिचडी गार होईल."

त्या दिवशी मी तक्त्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'चित्रातील सुकत्या मासळीच्या रंगाबद्दल एका विद्यार्थिनीने शंका घेतली. स्थानिक मुलांची निरीक्षणशक्ती वाखाणण्याजोगी. मुलांच्या हाती द्यावे.' त्या कागदाची प्रत मी जपून ठेवली आहे. कधी स्वतःबद्दल फार बरं वाटायला लागलं, तर वाचायला.

पुस्तकं शाळांत गेली. काही महिन्यांनी एका शुक्रवारी संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. हा माझाच जुना विद्यार्थी, आता वैभववाडीकडच्या एका वाडीतल्या शाळेत शिक्षक. "बाई, उद्या आमची सहल देवबागला. सव्वीस मुलं. निम्म्यांनी समुद्र अजून पाहिलेला नाही."

"अरे वा! जपून ने."

"तुमच्या शिक्क्याचं पुस्तक आहे ना, खेकड्याचं? मुलांना तोंडपाठ आहे. त्यातली सूचना वाचूनच वेळ काढली. उद्या अकराच्या सुमाराला ओहोटी लागते. जेवणाआधी मुलं मनसोक्त डुंबतील."

मला इतकं बरं वाटलं! एक पुस्तक, त्यावरून सहल, आणि मधे आपली सही. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी घावणे घालत होते आणि हे चहा पीत बसले होते. हे म्हणजे माझे यजमान, एसटीत ड्रायव्हर होते. मी कौतुकानं सहलीचं सांगितलं, देवबागच्या शाळेचं सांगितलं, आणि बोलता बोलता मितालीची नक्कलही केली.

ह्यांनी कप खाली ठेवला. "ता चेडू काय म्हणाला? परत सांग."

"सुकतीचा ह्या खोटा लिवलला आसा."

"आणि तू काय समाजलंस?"

"सुकवलेली मासळी."

"गो, सुकती म्हणजे मासळी नाय. सुकती म्हणजे ओहोटी. मालवणच्या गाडयेर अठरा वर्सां काडलंय मी. सुकती लागली, होडी येवची नाय, ह्या रोज आयकलंय." मग माझा चेहरा बघून हळू आवाजात म्हणाले, "थय खाडी दर्यात पडता. सुकतीक सगळा पाणी भायर वडता. मोठ्या माणसाक उबो रवाक देयना."

तव्यावरचा घावणा करपला. अर्थ माझ्याच घरात होता, रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होता. मी विचारलं नव्हतं, कारण मला तो माहीत आहे अशी माझी खात्री होती.

प्रशांतला फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला, परत तेच. सव्वीस मुलांच्या गाण्यांत कुठल्या पिशवीत तो फोन वाजत असेल कोण जाणे. संदेश पाठवले, एकावरही निळी खूण उमटली नाही. ह्यांनी गाडी काढली तेव्हा मी हाताला लागतील त्या चपला पायांत घातल्या.

ह्यांनी उभ्या आयुष्यात अपघात केला नाही, कारण उभ्या आयुष्यात घाई केली नाही. कसालपर्यंत मी तीनदा म्हटलं, "जरा जोरात चला हो." तिसऱ्यांदा ते म्हणाले, "गो, गाडयेक पंख नाय आसत. तू फोन लाव."

देवबागच्या शाळेतल्या बाईंचा नंबर माझ्याकडे होता, हे मला कसालला आठवलं. घाबरलं की माझं डोकं आधी बंद पडतं. शनिवारची सकाळची शाळा, त्या वर्गात असणार. तिसऱ्या वेळी त्यांनी उचलला. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. त्यांनी मध्ये थांबवून एवढंच विचारलं, "खाडीच्या तोंडाशी की शाळेमागच्या किनाऱ्यावर?" मला माहीत नव्हतं. "मी बघते," त्या म्हणाल्या, "पण इथे मी एकटी. मुलांना सोडून जाता येणार नाही. सगळ्यांना घेऊनच निघते." आणि फोन कट झाला. त्यानंतर त्यांचाही लागेना.

मालवणात शिरलो तेव्हा अकराला दहा कमी होते. पुढचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना घरगुती निवासाच्या पाट्या. समोरून पर्यटकांची मोठी गाडी आली आणि अडकली. ना ती मागे जाई ना आम्हाला पुढे जाऊ देई. माडांच्या मधून खाडी दिसत होती, ऊन पडलेली, शांत. मला त्या शांत पाण्याची भीती वाटत होती. मी डोक्यात वाक्यं जुळवत होते, त्या सव्वीस घरांत जाऊन सांगायची. एकही वाक्य पुरं होत नव्हतं. हे खाली उतरले, त्या ड्रायव्हरला वळणं सांगून गाडी मागे घ्यायला लावली, परत येऊन बसले. माझ्या हातावर हात ठेवला.

अकरा वीसला आम्ही पट्टीच्या टोकाशी, खाडीच्या तोंडाजवळ पोचलो. सुरूच्या झाडांखाली सहलीची बस उभी, आत कुणी नाही. मी वाळूतून धावले. पुढे वाळूवर चपलांची रांग होती, शाळेत लावतात तशी नीट लावलेली, जोडीनं. मुलं नव्हती.

त्या रांगेशी मी खाली बसले. चपला मोजायला लागले. एवढ्यात उजवीकडून, वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या पलीकडून, हसण्याचा आवाज आला. मी चार पावलं टाकून होडीला वळसा घातला. सगळी तिथे होती. वैभववाडीची सव्वीस आणि देवबागची सगळी शाळा, पाण्यापासून दहा हात मागे, कोंडाळं करून. देवबागच्या बाई घामाघूम झाल्या होत्या. प्रशांत छातीपर्यंत भिजलेला, पांढराफटक. त्याच्या हातात एका मुलाचं मनगट होतं. ते मूलही नखशिखांत भिजलेलं, आणि प्रशांत ते मनगट सोडायला तयार नव्हता.

मागाहून कळलं ते असं. मुलं गुडघाभर पाण्यात गेली होती आणि खेकड्याची ओळ एका सुरात म्हणत होती. हे एक मूल चार पावलं पुढे गेलं आणि पायाखालची वाळूच सरकली. प्रशांतनं शर्टाला धरलं. त्याच वेळी, आधी शाळेमागचा सगळा किनारा धुंडाळून, वरून देवबागची पोरं ओरडत आली, "भायर येवा! सुकती लागली! भायर येवा!" मच्छीमारही धावले. पाच मिनिटं इकडची तिकडे झाली असती तर हे लिहायला मी बसले नसते.

कोंडाळ्याच्या मधे मिताली उभी होती. हातात नारळाचं सोडण, म्हणजे सोललेल्या नारळाची साल. "बगा हां," ती वैभववाडीच्या पोरांना म्हणाली आणि तिनं ते पाण्यात भिरकावलं. सोडण आधी जागच्या जागी डुललं. मग हळूहळू सरकलं. मग कुणी दोरी बांधून ओढावं तसं निघालं, खडकाजवळून गेलं, लहान ठिपका झालं आणि दिसेनासं झालं. आता कुणी हसत नव्हतं.

"परत येत नाय?" एकानं विचारलं.

"येता कधी कधी, भरतीक," मिताली म्हणाली. "तां सोडण आसा. तुमी थोडेच येतल्यात?"

मग तिला मी दिसले. ती जवळ आली. रागावलेली नव्हती, नुसती चौकशी करावी तशी म्हणाली, "बाई, मी तुमका तेवाच सांगललंय."

"हो गं."

"मग तुमी काय लिवल्यात?"

चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं. मी खरं सांगितलं, की बोंबलाच्या रंगाबद्दल लिहिलं.

ती विचारात पडली. "बोंबलाचो रंग बरो होतो, बाई," ती म्हणाली.

सोमवारी मी संस्थेला कळवलं. लेखिकेशीही बोलले. ती बिचारी आधी म्हणाली, ओहोटीला पाणी मागे जातं हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे. मी म्हटलं, पाणी एकटं जात नाही, जे पायाशी असेल ते घेऊन जातं. मग ती रडायला लागली आणि मीही. पुस्तकं परत मागवायची की दुरुस्ती चिकटवायची यावर चर्चा झाली, आणि चिकटवायचं ठरलं. चिठ्ठीचा मजकूर मी घरी चार वेळा लिहिला आणि शेवटी देवबागला जाऊन मितालीला दाखवला. तिनं 'ओहोटी'च्या पुढे 'म्हणजे सुकती' घालायला लावलं. मग मी आणि हे, डिंकाची बाटली घेऊन, शाळा शाळा हिंडलो. ह्यांनी चिठ्ठ्या इतक्या सरळ चिकटवल्या की मला हेवा वाटला. तक्त्यातही आता मी एक रकाना वाढवून घेतला आहे : 'मूल काय म्हणाले, त्याच्याच शब्दांत.' संस्थेनं विचारलं, त्याचा अर्थ कोण लावणार? मी लिहिलं, विचारून लावू.

सगळ्या शाळा झाल्या. शेवटी राहिली प्रशांतची. तो मला दारातच म्हणाला, "बाई, खेकड्याचं पुस्तक सापडत नाही. मी वेळ काढल्यावर, सहलीच्या आधीच कुणीतरी घरी नेलंय. दोन मुलं तेव्हाच, सहलीला न येता, दाखला काढून आईबापांबरोबर गेली, त्यांच्यापैकी कुणाकडे असेल." मग मला बरं वाटावं म्हणून हसून म्हणाला, "तुम्हीच बैठकीत सांगितलं होतंत ना, चोरीला जातं ते उत्तम पुस्तक."

मी सांगितलं होतं. त्या दोन्ही घरांचे फोन लागत नाहीत. वाडीतली माणसं म्हणतात, एक घर गोव्याकडे गेलं, एक मुंबईकडे. दोन्हीकडे समुद्र आहे. मी कुठल्याही मुलाला पुस्तक घेऊन बसलेलं पाहिलं की आधी मुखपृष्ठाचा रंग बघते. सुट्ट्या जवळ आल्या की ते दोन्ही नंबर परत लावून बघते. हे म्हणतात, मूल ते पुस्तक कधीच विसरलं असेल. चांगलं पुस्तक मूल विसरत नाही, हे मला माहीत आहे, आणि ते पुस्तक, एक पान सोडलं तर, चांगलं आहे.

दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा म्हणून संपादकांचं पत्र आलं, तेव्हा खरं तर मी एवढ्याचसाठी हो म्हटलं. दिवाळी अंक कुठे कुठे जातात. निळ्या मुखपृष्ठावर चष्मा लावलेला खेकडा असलेलं पुस्तक तुमच्या घरात, शेजारच्या घरात, कुणाही मुलाच्या दप्तरात दिसलं, तर ते काढून घेऊ नका. सतरावं पान उघडा आणि खेकड्याच्या बोलण्यावर पेनानं आडवी रेघ मारून मोठ्या अक्षरात लिहा : सुकतीला पाण्यात उतरायचं नाही. अक्षर वाईट आलं तरी चालेल. खाली सही करायची गरज नाही. पहिलं पान उलटलंत की माझी आहेच.